पारनेर, पॅरिस, मुळशी : सेनापतींचा परमुलूख

परदेशी निघालेल्या माणसाने आधी काय जाणून घ्यावे, याच्या याद्या आज घरोघरी तयार असतात. १९०४ साली विलायतेला निघालेल्या पांडुरंग महादेव बापट यांच्यापाशी अशी यादी नव्हती. चार वर्षांनी ते परतले, तेव्हा ज्या मुलखाची त्यांना सर्वांत कमी ओळख होती तो त्यांचा स्वतःचाच होता, असे त्यांच्या ध्यानात आले. पुढे मुळशीच्या खोऱ्याने त्यांना सेनापती केले, ते या जाणिवेनंतर.

पुण्याहून पौडमार्गे ताम्हिणीकडे जाणारा रस्ता पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी गाड्यांनी भरून जातो. मुळशीचे पाणी दिसू लागले की गाड्या थांबतात, भाजलेली कणसे आणि भजी यांचा समाचार घेतला जातो, छायाचित्रे निघतात आणि मंडळी पुढे धबधब्यांकडे सरकतात. या पाण्याखाली भातखाचरे होती, गावे होती, देवळे होती, हे थांबणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. ती गावे वाचवण्यासाठी शंभर वर्षांपूर्वी इथे जो लढा झाला, त्याचे नेतृत्व करणाऱ्या माणसाचे नाव मात्र सर्वांच्या तोंडी असते. सेनापती बापट रस्ता म्हटले की पुणेकराच्या डोळ्यांपुढे चतुःशृंगीचा परिसर, महाविद्यालये आणि वाहनांच्या रांगा उभ्या राहतात. त्या नावामागचा माणूस तरुणपणी एक परदेशी शिक्षण घेणारा विद्यार्थी होता, शिष्यवृत्तीवर गेलेला आणि शिष्यवृत्ती गमावून बसलेला, हा भाग सहसा विस्मरणात जातो. दरवर्षी याच शहरातून शेकडो मुलेमुली परदेशी विद्यापीठांकडे निघत असताना तो भाग नव्याने पाहण्यासारखा आहे.

बापटांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी पारनेर येथे झाला. तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले हे तालुक्याचे गाव. घराणे मूळचे रत्नागिरीकडचे, परिस्थिती बेताची. शिक्षणासाठी मुलगा पुण्याला आला, प्लेगमुळे गावी परतला आणि अहमदनगरहून मॅट्रिकची परीक्षा देताना संस्कृतसाठी असलेली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवून गेला. पुढे डेक्कन कॉलेज. रँडच्या खुनाला आणि चापेकर बंधूंच्या फाशीला अवघी काही वर्षे लोटली होती आणि पुण्याच्या विद्यार्थिवर्गात ती आठवण ताजी होती. विद्यार्थिदशेतच तलवारीवर हात ठेवून देशासाठी आयुष्य वाहण्याची शपथ बापटांनी घेतली. बी.ए. झाल्यावर काही काळ त्यांनी मुंबईत शिक्षकाची नोकरी केली आणि तिथे असतानाच मंगळदास नथुभाई यांच्या देणगीतून दिली जाणारी, विलायतेत शिकायला पाठवणारी शिष्यवृत्ती त्यांच्या पदरात पडली. संस्कृतात नाव काढलेला हा पदवीधर आता यंत्रविद्या शिकायला स्कॉटलंडमधील एडिंबरोला जाणार होता.

त्या काळी अशा प्रवासाची तयारी म्हणजे नेमके काय, हे आज कल्पनेने उभे करावे लागते. आजच्या विद्यार्थ्याची पहिली काळजी पारपत्र आणि व्हिसा ही असते. १९०४ साली मुंबईहून विलायतेला जाणाऱ्या हिंदी माणसाला साधारणपणे पारपत्र लागतच नसे. हिंदी माणूस ब्रिटिश साम्राज्याचा प्रजाजन होता. त्याने तिकीट काढावे आणि बोटीत बसावे, इतके ते सोपे होते. पारपत्राची सक्ती पहिल्या महायुद्धाने आणली आणि हिंदुस्थानात त्यासंबंधीचा कायदा १९२० साली झाला. कागदपत्रांची अडचण नव्हती, पण समुद्र ओलांडण्याची होती. सिंधुबंदीचा धाक विसाव्या शतकाच्या आरंभी बराच ओसरला असला तरी संपला नव्हता. परतल्यावर प्रायश्चित्त घ्यायचे की नाही, पंगतीला कोण बसवील, घरच्या मंगलकार्यात काय होईल, हे प्रश्न निघण्यापूर्वीच घरात चर्चिले जात.

माहिती मिळवायची तर कुठून? आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला गेल्या होत्या. त्यांच्या हालअपेष्टांची आणि १८८७ साली पुण्यात झालेल्या अकाली मृत्यूची कहाणी महाराष्ट्राने हळहळून वाचली होती. पंडिता रमाबाईंनी अमेरिकेतील लोकस्थितीवर लिहिलेले पुस्तक १८८९ साली मराठीत आले होते, आणि परक्या देशाचे राज्य, शाळा, घरे, चालीरीती कशा पाहाव्यात याचा तो आजही वाचण्याजोगा वस्तुपाठ आहे. इंग्लंडपुरती बोलायची तर गंमत अशी की विलायतेला जाणाऱ्या हिंदी विद्यार्थ्यांसाठी एक उत्तम मार्गदर्शक पुस्तिका तोवर लिहून झाली होती, पण ती कुणाच्या हाती पडणे शक्य नव्हते. बॅरिस्टर होऊन परतल्यावर मोहनदास गांधी यांनी १८९३-९४ च्या सुमारास लंडनमध्ये कसे राहावे याविषयी तपशीलवार लिहिले होते. कपडे कोणते न्यावेत, बोटीवर काय खावे, शाकाहारी माणसाने पोट कसे भरावे, आठवड्याला एका पौंडात कसे भागवावे, इथपर्यंत सारे त्यात होते. बापट निघाले त्या काळच्या दराने एक पौंड म्हणजे पंधरा रुपये. ही पुस्तिका गांधीजींच्या हयातीत छापली गेली नाही, त्यामुळे बापटांच्या पिढीला तिचा उपयोग झाला नाही. प्रत्येकाने आपले आपणच ठेचकाळून शिकावे, हीच रीत.

बोट मुंबईहून एडनला, तिथून सुवेझच्या कालव्यातून भूमध्य समुद्रात जाई. एकंदर प्रवास सुमारे तीन आठवड्यांचा. मुंबई एकोणीस अंश अक्षांशावर आहे, एडिंबरो जवळजवळ छप्पन्न अंशांवर. डिसेंबरात तिथे दिवसाचा उजेड जेमतेम सात तास टिकतो आणि जूनमध्ये रात्र होता होत नाही. पारनेरच्या कोरड्या, लख्ख उन्हात वाढलेल्या माणसाला समुद्रावरून येणारे ओले धुके आणि कोळशाच्या धुराने काळवंडलेली दगडी घरे यांची सवय होणे ही साधी गोष्ट नव्हे. तरीही एडिंबरो हे हिंदी विद्यार्थ्यांना अगदीच परके गाव नव्हते. वैद्यकी आणि शास्त्रे शिकायला बंगाल-मुंबईकडचे विद्यार्थी तिथे बऱ्याच आधीपासून येत आणि त्यांची एक संघटना तिथे १८८३ पासून चालू होती. परक्या गावात आपली माणसे कुठे बसतात, हे आधी शोधावे. उरलेले प्रश्न त्यांच्याकडून निम्म्याने सुटतात. हा शहाणपणा तेव्हाही खरा होता.

बापटांनी हेरियट-वॉट कॉलेजात यंत्रशास्त्राचा अभ्यास सुरू केला. त्याच गावात क्वीन्स रायफल क्लबात जाऊन ते नेमबाजीही शिकले. हिंदुस्थानात शस्त्रबंदीच्या कायद्याने सामान्य माणसाला बंदूक हाती धरणे दुरापास्त केले होते. राज्यकर्त्यांच्या देशात मात्र तीच बंदूक क्लबाची वर्गणी भरून चालवता येत होती. एकाच राजाच्या दोन प्रजांना दोन कायदे असतात, हे कुणी पुस्तकातून शिकवले असते तरी बापटांना इतके पटले नसते. परदेशी गेलेल्या हुशार माणसाला तिथल्या लोकांना कशाची मुभा आहे हे पहिल्या काही महिन्यांतच दिसते. आपल्याला तिथे कशाची मुभा आहे हे कळायला मात्र वेळ लागतो, आणि ते समजेपर्यंत बऱ्याचदा किंमत मोजून झालेली असते.

बापटांच्या बाबतीत ती किंमत शिष्यवृत्तीची होती. हिंदुस्थानातल्या ब्रिटिश राज्यकारभाराचे वाभाडे काढणारे भाषण त्यांनी एडिंबरोत केले. स्कॉटलंडमध्ये राहून लंडनच्या सरकारवर टीका करणे हा तिथला नित्याचा प्रकार. सभागृहे त्यासाठीच असत, वृत्तपत्रे त्यावरच चालत. वीस वर्षांपूर्वी याच गावात शिकणाऱ्या प्रफुल्लचंद्र राय यांनी १८५७ पूर्वीचा आणि नंतरचा हिंदुस्थान या विषयावरील विद्यापीठाच्या स्पर्धेत सरकारवर कडक टीका करणारा निबंध लिहिला होता. त्यांना बक्षीस मिळाले नाही, पण पदवी मिळाली, शिष्यवृत्तीही शाबूत राहिली आणि पुढे ते देशाचे नामवंत रसायनशास्त्रज्ञ झाले. बापटांचे तसे झाले नाही. १९०५ च्या वंगभंगाने वातावरण तापले होते आणि हिंदी विद्यार्थ्यांकडे पाहण्याची सरकारची नजर बदलली होती. शिष्यवृत्ती बंद झाली. बोलण्याचे स्वातंत्र्य सर्वांना आहे असे ज्या देशात त्यांनी पाहिले, त्याच देशात बोलल्याबद्दल त्यांचा खर्चाचा मार्ग बंद झाला. यजमानाचा उदारपणा कुठवर आणि पाहुणा कोणत्या नात्याने आला आहे, याचा हिशेब बापटांना ठाऊक नव्हता असे म्हणता येत नाही. तो ठाऊक असूनही ते बोलले, असेच त्यांचा पुढचा स्वभाव पाहता मानावे लागते.

पैसा बंद झालेला हिंदी विद्यार्थी विलायतेत कुठे जाणार? लंडनच्या हायगेट भागात क्रॉमवेल ॲव्हेन्यूवरील पासष्ट क्रमांकाच्या घरात श्यामजी कृष्ण वर्मा यांनी १ जुलै १९०५ रोजी इंडिया हाउस सुरू केले होते. उद्घाटन केले हाइंडमन या इंग्रज समाजवादी पुढाऱ्याने. इतिहासात हे घर क्रांतिकारकांचा अड्डा म्हणून नोंदले गेले आहे, पण ते मुळात एक वसतिगृहही होते, हे लक्षात घेतले पाहिजे. हिंदी विद्यार्थ्याला लंडनमध्ये खोली मिळणे ही तेव्हा मोठी विवंचना होती. गोऱ्या घरमालकिणी दारातूनच परत पाठवीत. ओळखीचे जेवण, आपली भाषा आणि अंथरूण टाकायला जागा एवढ्यासाठीही मुले तिथे येत, आणि मग संध्याकाळच्या चर्चांत ओढली जात. १९०६ च्या जुलैत विनायक दामोदर सावरकर तिथे दाखल झाले. बापटांचा त्यांच्याशी जवळचा संबंध आला आणि यंत्रविद्येचा विद्यार्थी दुसऱ्याच विद्येकडे वळला.

ती विद्या शिकायला त्यांना पॅरिसला जावे लागले. १९०५ ची रशियन क्रांती फसल्यानंतर झारच्या राज्यातून निसटलेली अनेक माणसे पॅरिसमध्ये आश्रयाला होती. मादाम कामा आणि सरदारसिंह राणा यांच्यासारखे हिंदी देशभक्तही तिथेच होते. बंगालमधून घरदार विकून आलेले हेमचंद्र दास (कानुनगो) हेही याच शोधात पॅरिसला पोहोचले होते. बापट, हेमचंद्र आणि मिर्झा अब्बास हे तिघे तिथे स्फोटके बनवण्याची कृती शिकले. या उद्योगाविषयी आज कुणाचे मत काय असावे हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण परक्या देशात माहिती मिळवण्याची अडचण त्यात पुरेपूर दिसते. गाव फ्रेंच, शिकवणारे रशियन, शिकणारे मराठी आणि बंगाली. इंग्रजी येते म्हणजे जग आले, ही हिंदी पदवीधराची समजूत इंग्लिश खाडी ओलांडताच कोलमडते, हे आजही युरोपात उतरणाऱ्या प्रत्येकाला कळते. हाती आलेली पुस्तिका रशियन भाषेत होती. ती इंग्रजीत आणवावी लागली, मग तिच्या प्रती निघाल्या आणि त्या हिंदुस्थानात पोहोचल्या. १९०८ साली कलकत्त्याजवळच्या माणिकतळ्याच्या बागेत आणि १९०९ साली नाशिकला बाबाराव सावरकरांच्या घरी पोलिसांना ज्या प्रती सापडल्या, त्यांचा उल्लेख पुढे रौलट समितीच्या अहवालातही आला.

१९०८ साली बापट मायदेशी परतले. स्फोटकांनी माणसे मारत सुटण्यापेक्षा सरकारला हादरा देण्यासाठी त्यांचा वापर व्हावा, असे त्यांचे मत होते. पण बोटीतून उतरलेली विद्या आता त्यांच्या एकट्याच्या ताब्यात राहिली नव्हती. ३० एप्रिलला मुझफ्फरपूरला बाँब पडला आणि त्यात दोन निरपराध इंग्रज स्त्रिया मरण पावल्या. अलीपूरचा खटला उभा राहिला. त्यातल्या माफीच्या साक्षीदाराने बापटांचे नाव घेतले होते. पुढे तो साक्षीदारच तुरुंगात मारला गेला, तरी बापटांना भूमिगत होण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

भूमिगत अवस्थेतली ती वर्षे म्हणजे त्यांच्या आयुष्यातला खरा प्रवास, असे मला वाटते. नाव बदलून, ओळख लपवून ते देशभर हिंडले. लंडन आणि पॅरिसमध्ये ज्या देशाच्या मुक्तीच्या योजना आखल्या जात होत्या, तो देश त्यांनी आता प्रथमच धर्मशाळांतून, बाजारांतून आणि खेड्यांच्या पारांवरून पाहिला. तेव्हा त्यांना आढळले की बहुसंख्य लोकांना आपण परक्यांच्या राज्यात आहोत याची कल्पनाच नाही. महसूल वसूल करणारा कोण आणि त्याचा धनी कोण, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हते. पुस्तके वाचून, सभा ऐकून, शपथा घेऊन ज्याच्यासाठी ते सातासमुद्रापलीकडे गेले होते, त्या माणसाशी त्यांची नीट ओळख झालेली नव्हती. सशस्त्र उठावापेक्षा लोकांना जागे करण्याकडे त्यांचा कल झुकला तो इथून. १९१२ साली त्यांना अटक झाली; काही काळाने ते सुटले.

सुटकेनंतरचे बापट वेगळेच दिसतात. पारनेरला त्यांनी हाती झाडू घेतला. १९१४ साली मुलाचे बारसे झाले तेव्हा पहिली पंगत त्यांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्यांची बसवली. परदेशगमनाबद्दल प्रायश्चित्ताची चर्चा करणाऱ्या समाजात हे धाडस समुद्र ओलांडण्यापेक्षा मोठे होते. पुढे पुण्यात ‘चित्रमयजगत्’ मासिकात, टिळकांच्या ‘मराठा’त आणि ‘लोकसंग्रह’ दैनिकात त्यांनी काम केले. परराष्ट्रांच्या राजकारणावर ते लिहीत. ज्ञानकोशाच्या कामातही त्यांनी हात लावला. ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर हे स्वतः अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन आलेले. परदेश पाहिलेली ही दोन माणसे मराठी वाचकाला जग समजावून देण्याच्या खटपटीत एकत्र यावीत, हे स्वाभाविकच होते. १९२० साली मुंबईच्या सफाई कामगारांच्या संपातही बापट उतरले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांच्या पत्नीचे निधन झाले.

आणि मग मुळशी.

पुण्याच्या पश्चिमेला, सह्याद्रीच्या ऐन कुशीत मुळा आणि नीला या नद्यांचा संगम होता. पाऊस प्रचंड, खाचरांतला आंबेमोहोर घमघमणारा. शिवाजी महाराजांच्या पायदळातल्या मावळ्यांचे वंशज ही खाचरे कसत होते. बऱ्याच जमिनी मात्र पुण्यातल्या सावकारांकडे गहाण पडलेल्या किंवा त्यांच्या मालकीच्या झालेल्या होत्या आणि कसणारा कूळ होऊन राहिला होता. टाटा पॉवर कंपनीने इथे धरण बांधून पूर्वेकडे वाहणारे पाणी पश्चिमेला कोकणात सोडायचे आणि त्यावर मुंबईसाठी वीज निर्माण करायची असे ठरवले. बावन्न गावांना त्याची झळ बसणार होती. कंपनीची माणसे आली ती जमीन ताब्यात घेण्याची कायदेशीर पूर्तता होण्यापूर्वीच. शेतांत चाचणीचे चर खणले गेले, खुणा रोवल्या गेल्या, आणि ज्याच्या शेतात हे चालले होते त्याला ते काय आहे हे कुणी सांगितले नाही.

इथे बापटांच्या जुन्या अनुभवाचा धागा नकळत जुळतो. अनोळखी मुलखात पाऊल टाकणाऱ्याने यजमानाला विचारावे, त्याची भाषा बोलावी, त्याच्या घराची रीत जाणून घ्यावी, हे विलायतेला जाणाऱ्या हिंदी विद्यार्थ्याला सगळे बजावत. मुळशीत नकाशे आणि दुर्बिणी घेऊन आलेल्या अभियंत्यांना ते कुणी बजावले नव्हते. त्यांच्या नकाशावर समपातळीच्या रेषा होत्या, पाण्याची घनफुटे होती. कोणत्या टेपाडावर कोणाचा देव आहे, हे नव्हते. पण पुण्याहून आलेले पुढारीही या खोऱ्यात एका अर्थी पाहुणेच होते. त्यांनाही मावळ्याची गरज सभेत बोलण्यापुरती ठाऊक होती. फरक इतकाच की बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्यासारखे काहीजण खोऱ्यातच राहिले, वाड्यावस्त्यांवरून पायी हिंडले.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सुमारे बाराशे मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले. बायकाही होत्या. काम बंद पडले आणि जवळपास महिनाभर ते बंद राहिले. जीव द्यायचा पण जमीन नाही, असा निर्धार होता. कंपनीने काही काळ काम थांबवले, मग पुन्हा सुरू केले. सत्याग्रही तुरुंगात जाऊ लागले. बापटांनाही शिक्षा झाल्या. सुटले की ते पुन्हा मुळशीला येत.

लढा फुटला तो आतून. नुकसानभरपाईचा आकडा वाढला तसा जमीनमालक असलेल्या सावकारांचा विरोध मावळला. पैसा मालकाला मिळणार होता, कुळाला नव्हे. कसणाऱ्याच्या हाती विस्थापन उरत होते. १९२४ साली गांधीजींनीही हा लढा थांबवण्याचा सल्ला दिला. बहुतेकांनी भरपाई घेतली आहे आणि आंदोलनाचा नेता अहिंसेवर पुरती श्रद्धा असणारा नाही, ही त्यांची कारणे होती. दुसऱ्या कारणात तथ्य होते हे मान्य करावे लागेल. त्याच वर्षी बापटांनी बांधकामाची आगगाडी हत्यारानिशी अडवली आणि मग स्वतःहून पोलिसांच्या स्वाधीन झाले. ही कृती सत्याग्रहाच्या गांधीप्रणीत चौकटीत बसत नाही. ती बसवण्याचा खटाटोप त्यांच्या भक्तांनी करू नये. पळून मात्र ते गेले नाहीत. लपून राहण्याची विद्या अवगत असलेल्या माणसाने मुळशीत ती वापरली नाही. सात वर्षांची शिक्षा झाली आणि ती त्यांनी सिंधमधल्या हैदराबादच्या तुरुंगात भोगली. धरण पुरे झाले. १९२७ पासून भिऱ्याच्या वीजगृहातून वीज वाहू लागली. राजेंद्र व्होरा यांनी २००९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या अभ्यासात या लढ्याला जगातले पहिले धरणविरोधी आंदोलन म्हटले आहे.

१९३१ साली सुटल्यावर ते महाराष्ट्र प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्ष झाले आणि लगोलग भाषणाबद्दल पुन्हा तुरुंगात गेले. १९३७ साली बाहेर आले. भाषण करून काहीतरी गमावण्याची त्यांची एडिंबरोची परंपरा अशी अखंड चालू राहिली. सुभाषचंद्र बोस यांच्या फॉरवर्ड ब्लॉकचे महाराष्ट्रातले काम त्यांनी पाहिले. श्रीअरविंदांच्या तत्त्वज्ञानाचा मराठी अनुवादही त्यांच्या हातून झाला. १५ ऑगस्ट १९४७ रोजी पुण्यात तिरंगा फडकवण्याचा मान त्यांना मिळाला.

परमुलखाची सीमा त्यांनी आणखी एकदा ओलांडली, आणि ती महाराष्ट्राच्या वेशीवरच होती. गोवा तेव्हा पोर्तुगालच्या ताब्यात होता. १८ मे १९५५ रोजी ना. ग. गोरे यांच्यासह सेनापती सत्याग्रहींच्या तुकडीचे पुढारी म्हणून गोव्यात शिरले. वय चौऱ्याहत्तर. जिथली भाषा, देव आणि नातीगोती आपलीच आहेत अशा ठिकाणी या वेळी ते परदेशी ठरत होते. पन्नास वर्षांपूर्वी विलायतेला जाताना त्यांना कुणी कागद विचारला नव्हता. सावंतवाडीपलीकडच्या या गावांत पोलिसांच्या लाठ्या वाट पाहत होत्या. सत्याग्रहींना मारहाण झाली, बापटांना परत पाठवण्यात आले, गोऱ्यांना दीर्घ मुदतीची शिक्षा झाली. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनातही हा वृद्ध सेनापती आघाडीवर होता.

२८ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. १९७७ साली टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. पुण्यातल्या त्यांच्या नावाच्या रस्त्यावर आज सिम्बायोसिससारख्या संस्थांमुळे परदेशांतून शिकायला आलेली मुलेही दिसतात. खोल्या शोधणे, जेवणाची सवय होणे, घरमालकाची मर्जी सांभाळणे, हे सारे त्यांच्याही वाट्याला येते. मुंबईतला सेनापती बापट मार्ग दादर, परळ, लोअर परळ अशा एकेकाळच्या गिरणगावातून जातो. मुळशीचे पाणी भिऱ्याला उतरून जी वीज तयार झाली, ती या मुंबईच्या गिरण्यांना आणि आगगाड्यांना पुरवली गेली.